शुभमंगल ठीक आहे, सावधान कोण?

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, की हुडकेश्वर रोडचा मूडच बदलतो. म्हाळगी नगर चौकातून पुढे निघा. एका संध्याकाळी किमान तीन वराती, दोन घोड्या, एक धुमाल आणि न संपणारा ट्रॅफिक जॅम! शहराच्या या टोकाला कधीकाळी शेतं होती. मग लेआउट पडले, मग रो-हाउस आले आणि त्यांच्या मागोमाग आली लॉन्स. नागपुरात लॉन म्हणजे नुसती हिरवळ नव्हे बरं का. लॉन म्हणजे राजवाड्यासारखी कमान, मधोमध कारंजं, एक एसी हॉल आणि 'वरपक्ष', 'वधूपक्ष' अशा पाट्या लावलेल्या खोल्या.

आमच्या ग्रुपमधली निम्मी मंडळी आता लायनीत आहेत. आयटीवाले, बँकवाले, एक सीए. यांचा फंडा क्लिअर आहे. लग्न आपलं, पैसा (बऱ्यापैकी) आपला, तर व्हेन्यूपण आपणच ठरवणार. परवा एका मैत्रिणीने मला तिची एक्सेल शीट दाखवली. अकरा लॉन्स, चौदा कॉलम. कपॅसिटी, पार्किंग, एसी रूम किती, प्लेटचा रेट काय, लाइव्ह काउंटर किती, फोटोसाठी बॅकग्राउंड कसं, डेकोरेटर बाहेरचा चालेल का... सही काम केलं होतं पोरीने. मी म्हटलं, "सगळं आहे गं, एक कॉलम राहिला. काही झालं तर?"

शेजारी तिची आई बसली होती. "काहीतरीच काय बोलतेस बाई! शुभकार्यात असं अभद्र बोलू नये."

झालं, विषय संपला. पण माझ्या डोक्यातून काही तो जाईना. कारण 'काही' होतं, आणि आपल्या गावातही होतं.

डिसेंबर २०२३ आठवतोय? अमरावती रोडवरच्या एका रिसॉर्टमधल्या लग्नाची बातमी देशभर गेली होती. भोपाळचं कुटुंब, ९ आणि १० डिसेंबर असं दोन दिवसांचं बुकिंग, झकास राजस्थानी थाट. आणि पाहुण्यांना उलट्या सुरू झाल्या. नवरदेवसुद्धा त्यातून सुटला नाही. सुमारे ८० जणांना वेगवेगळ्या दवाखान्यांत न्यावं लागलं. शिळं अन्न वाढल्याचा आरोप करत कुटुंबाने कळमेश्वर पोलिसांत तक्रार दिली. विचार करा, हातावरची मेंदी ओली आहे आणि मुंडावळ्यांच्या जागी सलाइन!

आता कुणी म्हणेल, लग्नात पोट बिघडणं काय नवीन आहे? नाही ना. पण जरा गणित बघा. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम ठेवायचं तर ६० अंशांच्या वर ठेवावं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा साधासा नियम आहे. आपल्या लग्नात काय होतं? वरात निघते सातला, पोचते साडेनऊला. साडेसातला तयार झालेलं पनीर कोमट शेगडीवर नवरदेवाची वाट बघत बसतं. खवा, पनीर, रसमलाई, मेयोनीजवालं सॅलड, भात... जंतूंची यातल्या प्रत्येकाशी जुनी दोस्ती आहे. आणि काही जंतू असं विष सोडतात, की नंतर अन्न कितीही उकळलं तरी ते जात नाही. म्हणजे 'एकदा गरम करून घेऊ' हा आचाऱ्याचा हुकमी उपाय तिथे फेल!

यातल्या एका विषाचा त्रास जेवल्यावर अर्ध्या तासातही सुरू होऊ शकतो. म्हणजे पहिले दोन-तीन जण वॉशरूमकडे धावतात तेव्हा मागची रांग अजून प्लेट घेऊन उभी असते. त्या क्षणाला कुणीतरी ठामपणे "काउंटर बंद करा" म्हणालं, तर पुढचे कितीतरी जण वाचू शकतात.

मग सांगा, हे कोण म्हणणार? केटरर? त्याचं बिल अडकलंय. मॅनेजर? त्याला आधी लॉनचं नाव वाचवायचंय. मुलीचे वडील? ते हात जोडून दारात उभे आहेत, सगळ्यांना "जेवल्याशिवाय जायचं नाही" म्हणताहेत. नवरा-नवरी? ते स्टेजवर चारशेव्या फोटोसाठी हसताहेत. म्हणजे हजार माणसांच्या कार्यक्रमात 'थांबा' म्हणायचा अधिकार असलेला माणूस शून्य!

हाच या सगळ्या भानगडीचा गाभा आहे, असं माझं ठाम मत आहे. आणि ते पुस्तकात वाचून झालेलं नाही.

काही वर्षांपूर्वी आतेबहिणीचं लग्न हुडकेश्वरच्याच एका लॉनवर होतं. मे महिना, मुहूर्त दुपारचा. नागपूरचा मे मी काय सांगू? सावलीतही माणूस भाजून निघतो. वरात गेटवर आली, धुमाल जोरात, आणि नाचता नाचता नवरदेवाचे मोठे काका खाली बसले. मग आडवेच झाले. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. पासष्टीचे गृहस्थ. घामाघूम होऊन नाचणाऱ्या पोरांना वाटलं, काकाजी मस्करी करून राहिले!

मी काउंटरवर धावले. मॅनेजरसाहेब हिशेबाच्या वहीत. म्हणाले, "पाणी मारा ना मॅडम तोंडावर, होते बरं. अन् गर्दी नका करू गेटवर, फोटो खराब होतात." एसी रूम मागितली, तर तिला कुलूप. किल्ली मेकअपवाल्या बाईंकडे आणि त्या पार्लरमधून अजून यायच्या होत्या. प्रथमोपचाराची पेटी? होती. भिंतीवर, काचेच्या कपाटात. आत कापसाचा एक बंडल आणि कुणाचं तरी चार्जर.

कुणीतरी १०८ ला फोन लावला. अँब्युलन्स आली, पण आत कशी येणार? मेन गेटवर धुमालची गाडी आडवी, मागे घोडी, त्यामागे वरातीच्या गाड्या. मागचं गेट बंद, त्याची किल्ली चौकीदाराकडे आणि चौकीदार जेवायला गेलेला. शेवटी चार पोरांनी काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि खुर्चीसकट उचलून रस्त्यापर्यंत नेलं. या सगळ्यात माइकवाल्या भाऊंचं चालूच होतं, "सर्व पाहुण्यांनी भोजनाचा आस्वाद घ्यावा ही नम्र विनंती!" त्याला कुणी सांगितलंच नाही, की बाबा रे, आता जरा वेगळं काहीतरी बोल. "धुमालवाल्यांनी गाडी मागे घ्यावी आणि पाहुण्यांत कुणी डॉक्टर असतील तर गेटवर यावं," एवढी दोन वाक्यं बोलला असता, तरी खूप होतं.

काका वाचले. दोन दिवस आयसीयूत होते. डॉक्टरांनी सांगितलं, उष्माघात. यात शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि ते किती लवकर खाली आणता यावर सगळं अवलंबून असतं. सावली, पंखा, अंगावर गार पाणी, मानेला-काखेत-जांघेत बर्फ. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. गंमत बघा, ज्या लॉनवर हे घडलं तिथे मॉकटेल काउंटरला बर्फाच्या लाद्या रचून ठेवल्या होत्या. कूलर होते. पाण्याचा टँकर होता. इलाजाचं सगळं सामान वीस पावलांवर होतं. ते वापरा, असं सांगणारा माणूस तेवढा नव्हता.

पण मला आजही जे खुपतं ते वेगळंच. संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर माझे मामाजी (आमच्या विदर्भात आत्याच्या मिस्टरांना मामाजीच म्हणतात) व्याह्यांपुढे हात जोडून उभे होते. "आमच्याकडून व्यवस्थेत कमी पडलं, माफ करा." मुलीचा बाप ना! गेटची किल्ली दुसऱ्याची, धुमाल वरपक्षाचा, वहीत डोकं घालून बसलेला मॅनेजर लॉनचा, आणि माफी कुणाची? मामाजींची. लॉनवाल्यांचा फोन आला तो दुसऱ्या दिवशी. तब्येतीची चौकशी करायला नव्हे. हॉल दोन तास उशिरा रिकामा झाला, त्याचे एक्स्ट्रा चार्जेस लागतील म्हणून!

तुम्हाला वाटेल, एक लॉन खराब निघालं, त्यात एवढं काय. पण जरा या धंद्याची रचना बघा. आपल्याला वाटतं आपण 'लॉन' बुक केलं. खरं तर आपण सात-आठ वेगवेगळ्या लोकांना एका कंपाउंडमध्ये गोळा केलेलं असतं. जागा एकाची, केटरिंग दुसऱ्याचं. मांडव-डेकोरेशन तिसऱ्याचं. जनरेटर, डीजे, लाइटिंग, गाड्या लावणारी पोरं, सगळे वेगळे. वाढपी तर त्या दिवसापुरते रोजंदारीवर आलेले. त्यांना इमर्जन्सी एक्झिट कुठे आहे हे सोडा, वॉशरूम कुठे आहे हेसुद्धा धड माहीत नसतं. आणि बुकिंगच्या पावतीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'कोणत्याही दुर्घटनेस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' सगळं सुरळीत असतं तेव्हा हे सात जण मिळून 'आमची टीम' असते. काही बिघडलं की प्रत्येक जण बोट दाखवायला मोकळा.

आणि पाहुणे? पाहुणे तर त्याहून भारी! नोव्हेंबर २०२१ मधला भिवंडीचा तो व्हिडिओ बघितला असेल तुम्ही. मॅरेज हॉलच्या आवारात मागे आगीचे लोळ उठताहेत आणि पुढे दोघं जण निवांत जेवताहेत. एकदा मान वळवून बघतात, पुन्हा घास. सगळा देश हसला त्यावर. फटाक्यांमुळे आग लागल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. काही दुचाकी आणि हॉलचं सामान जळालं, सुदैवाने माणूस कुणी दगावला नाही, म्हणून तो जोक झाला.

मला मात्र त्या दोघांचं फारसं नवल वाटत नाही. बाकीचे बसलेत, कुणी उठा म्हणत नाही, म्हणजे तसं सीरियस नसणार, असंच आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. गर्दीतला प्रत्येक माणूस दुसऱ्याकडे बघून ठरवतो. म्हणून तर 'उठा' म्हणणारा एक आवाज लागतो. तो आवाज हॉलचा असायला हवा, पाहुण्यांचा नाही.

तो वेळेत आला नाही तर काय होतं, याचं उदाहरण तामिळनाडूतल्या श्रीरंगमचं आहे. २३ जानेवारी २००४, सकाळचं लग्न. मांडवाला झापांचं छत. विजेच्या ठिणगीने पेट घेतला आणि बाहेर पडायला अरुंद जिना. ५० हून जास्त माणसं गेली. त्यात खुद्द नवरदेव होता. ते छत तसं बांधणारे, तिथे लाइट लावणारे, एवढ्या माणसांना वर बसवणारे, सगळ्यांनी आपापलं 'काम' केलं होतं. पूर्ण चित्र कुणीच बघितलं नव्हतं.

असो. फार सीरियस झाले का मी? मग जरा कामाचं बोलू. अॅडव्हान्सचा चेक फाडायच्या आधी एक्सेलमध्ये हे कॉलम टाका. टेन्शन नाही, पंधरा मिनिटांचं काम आहे.

एक. फायरचा कागद मागा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यानुसार आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची जबाबदारी. परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. "फॉर्म बी दाखवता का?" एवढं विचारा आणि समोरच्याचा चेहरा बघा. अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

दोन. मांडव टाकणाऱ्याला विचारा, कापड कुठलं आणि वर विजेची तार आहे का. तात्पुरत्या मांडवांसाठी आयएस ८७५८ नावाचं भारतीय मानक आहे. चालू विजेच्या तारेखाली मांडव नको, सिंथेटिक कापड आणि दोऱ्या नकोत, ही त्यातली साधी पथ्यं. आपल्याकडे डेकोरेशन जितकं महाग, तितकं कापड जास्त झुळझुळीत, हे लक्षात ठेवा.

तीन. केटररचा एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर कराराच्या कागदावर लिहून घ्या. जेवण किती वाजता तयार होणार आणि किती वाजता वाढणार, हे दोन्ही विचारा. आणि वरातीला वेळेवर पोचायला सांगा. हो, पनीरचं भवितव्य तुमच्या धुमालवर अवलंबून आहे!

चार. दोन गेट बघा. एक वरातीचं, एक मोकळं. दुसऱ्या गेटची किल्ली त्या दिवशी कुणाच्या खिशात असेल, त्याचं नाव विचारा. अँब्युलन्स त्या गेटपर्यंत येऊ शकते का, स्वतः चालून बघा.

पाच, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. एकच माणूस ठरवून मागा. मालक नको, 'आमचा स्टाफ' नको. एक नाव, एक मोबाइल नंबर आणि त्याला तीन अधिकार. म्युझिक बंद करायचा, जेवण थांबवायचा आणि माइक हातात घ्यायचा. हे करारावर लिहून घ्या. घरातलाही एक जण असाच ठेवा. शक्यतो ज्याला सूट नीट बसत नाही आणि फोटोत यायची हौस नाही असा एखादा चुलतभाऊ. त्याच्या फोनमध्ये १०८, १०१ आणि ११२, जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याचा पत्ता आणि पाहुण्यांतल्या दोन डॉक्टरांची नावं. नागपूरकरांच्या लग्नात दोन डॉक्टर निघतातच हो!

आणि एवढं करूनही गडबड झालीच, तर? आधी माणसं, मग भांडण. पण भांडण विसरू नका. पावती, करार, मेनू कार्ड, मेसेज, दवाखान्याची बिलं, फोटो, सगळं जपून ठेवा. अन्नाचा प्रॉब्लेम असेल तर अन्न व औषध प्रशासनाला लगेच कळवा. भांडी धुऊन झाल्यावर तपासायला काय उरणार? लॉन आणि केटरर हे पैसे घेऊन सेवा देतात, म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यांना लागू आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच. ते 'व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही' वालं बारीक वाक्य छापलं म्हणजे निष्काळजीपणा माफ झाला, असं समजून गप्प बसायची गरज नाही. एकतर्फी अटींविरुद्ध दाद मागायची सोय नव्या कायद्यात आहे.

लॉनवाल्या मंडळींनाही एक सांगायचंय. तुमच्यावर राग नाही. सीझनमध्ये तुम्ही किती राबता ते दिसतं आम्हाला. आदल्या रात्रीचं रिसेप्शन दोनला संपवून सकाळी सातला हळदीसाठी जागा झाडून तयार ठेवणं सोपं नाही. पण एक करून बघा. महिन्यातून एकदा, रिकाम्या दिवशी, अर्धा तास. माइक कोण घेणार, मेन स्विच कोण पाडणार, मागचं गेट कोण उघडणार, याची तालीम. आणि बुकिंगला येणाऱ्या जोडप्याला कारंजं दाखवायच्या आधी ते मागचं गेट दाखवा. पैज लावते, आजकालची पोरंपोरी इम्प्रेस होतील.

आणि काही चुकलंच, तर फोन तुम्ही करा. मुलीच्या बापाला व्याह्यांसमोर एकटं उभं करू नका.

आपल्या मंगलाष्टकांच्या प्रत्येक कडव्याला भटजी 'सावधान' म्हणतात. रामदास स्वामी म्हणे तो शब्द ऐकून मांडवातून पळाले. आपण मात्र तो शब्द आला की अक्षता टाकतो आणि जेवणाच्या रांगेकडे नजर लावतो. यंदा बुकिंग करताना लॉनवाल्याला एवढंच विचारा, "शुभमंगल आम्ही बघतो. सावधान तुमच्याकडे कोण आहे? त्यांचा नंबर द्या."

नंबर मिळाला, की लगेच लावून बघा. उचलला तर बुक करा!